नानांच्या मनगटावरची बेल

गॅसवाला आमच्या बंद दारावरून सिलिंडर घेऊन पुन्हा एकदा परत गेला आणि त्याच संध्याकाळी माझ्या सासऱ्यांनी गावी जायची पिशवी भरायला घेतली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे हे माझ्या जरा उशिराच लक्षात आलं. त्या वेळी मी समोरच्या निकमांकडे सिलिंडर उसना मागावा की सरळ बाहेर जेवायला जावं या विवंचनेत होतो. निकमांकडून काहीही उसनं आणलं की ते सोसायटीच्या मीटिंगमध्ये निघतं.

सासऱ्यांचं नाव कारभारी, पण घरात सगळे त्यांना नाना म्हणतात. उभा जन्म लासलगाव-निफाडकडच्या बैलबाजारांत दलाली करण्यात गेला. मग वय झालं, सासूबाई गेल्या आणि पाठोपाठ नानांचे कानही गेले. डाव्या कानाशी तोंड नेऊन ओरडलं तर थोडंफार पोचतं. श्रवणयंत्र आणलं होतं, ते त्यांनी जेमतेम आठवडाभर लावलं आणि कपाटात ठेवून दिलं. त्यातून माणसांपेक्षा मिक्सर आणि रिक्षाच जास्त ऐकू येतात, आणि तेवढ्यासाठी कानात बोळा कशाला घालायचा, असं त्यांचं म्हणणं.

तर दिवसभर मी विमा कचेरीत, माझी बायको मीना शाळेत शिकवायला आणि नाना घरात एकटे. दारावरची बेल वाजायची, नाना आत खिडकीशी बसून जेलरोडची रहदारी बघत असायचे आणि आलेला माणूस कंटाळून निघून जायचा. गॅसवाला गेला, रजिस्टर पत्र घेऊन आलेला पोस्टमन गेला. एकदा तर माझी सख्खी आत्या वणीच्या देवीचा प्रसाद घेऊन आली आणि दारातून परत गेली. तो प्रसाद तिनं दुसऱ्या भाच्याला दिला आणि त्याचं कारण सगळ्या नातेवाइकांना फोन करून कळवलं.

“दारात आलेलं माणूस माघारी जातं,” नाना पिशवीत धोतर कोंबत म्हणाले, “अन् मी आत बसून हाय. असल्या माणसानं लेकीच्या घरी राहून करायचं काय? मी आपला मळ्यात जातो. तिथं दारच नाय.”

मळ्यात एक खोली आणि एक विहीर आहे. जमीन वाट्यानं दिलेली, त्यामुळे दिवस मावळल्यावर तिथं कोणी नसतं. मीना हवालदिल झाली. “मागून ट्रॅक्टर आला तर यांना कळणार कसं? पायाशी काही सळसळलं तर?” ती मला विचारत राहिली, जणू मीच तो ट्रॅक्टर आणणार होतो. शेवटी खूप ओरडाआरडा करून आम्ही नानांकडून मुदत मिळवली. आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत राहतो, पुढं काय मला थांबवू नका, असं त्यांनी बजावलं. मग मीनानं माझ्याकडे पाहिलं. ‘तुम्ही काहीतरी करा’ आणि ‘तुमच्याच्यानं काही होणार नाही’ ही दोन वाक्यं ती एकाच नजरेत बोलू शकते.

सोसायटीत बातमी पसरली आणि सल्ले सुरू झाले. पहिल्या मजल्यावरच्या अक्काबाई म्हणाल्या, एक लांब दोरी घ्या, एक टोक दारातून बाहेर सोडा आणि दुसरं नानांच्या पायाच्या अंगठ्याला बांधा. आलेल्यानं ओढायचं. तळमजल्यावरच्या एका गृहस्थांनी कुत्रा पाळायला सांगितलं. कुत्र्याचं भुंकणं तरी नानांना कसं ऐकू येणार, असं मी विचारलं, तर ते दुखावले आणि पुढे बरेच दिवस जिन्यात बोलले नाहीत.

समोरचे खंडेराव निकम सरकारी खात्यातून निवृत्त झालेले आणि सोसायटीचे सेक्रेटरी. त्यांनी माझ्याकडे दयेनं बघत सांगितलं, “आहेर, त्यात काय एवढं? बेलला एक लाल दिवा जोडा. पेटला की उठायचं.” हा सल्ला शहाणपणाचा होता आणि तो मला सुचला नव्हता, म्हणून मी बरेच दिवस तो अमलात आणला नाही. शेवटी आणला. पण ते दोन हजार पाच साल होतं आणि भारनियमन नेमकं दुपारीच असायचं. वीज असली तरी भर उन्हात तो दिवा पेटलाय की नाही ते दिव्यालासुद्धा कळलं नसतं. शिवाय नानांची पाठ दिव्याकडे. “दिसभर दिव्याकडं तोंड करून बसू काय?” असं त्यांनी विचारलं आणि खुर्ची पुन्हा खिडकीकडे वळवली.

मला मार्ग सापडला तो कचेरीत. आमच्या साहेबांनी नवा मोबाइल घेतला होता आणि मीटिंगमध्ये तो न वाजता नुसता थरथरावा अशी सोय करून टेबलावर ठेवला होता. भाषण चालू असताना तो अचानक गुरगुरला, टेबलावरून खेकड्यासारखा सरकत निघाला आणि साहेबांच्या चहात पडला. सगळे फोन वाचवायला धावले. मी जागेवरच बसून राहिलो, कारण कान नसलेल्या माणसालाही बेल कळवता येईल हे मला त्या क्षणी दिसलं होतं. साहेबांनी माझ्या बसून राहण्याचा वेगळा अर्थ घेतला, पण संशोधकाच्या वाट्याला अशा गोष्टी यायच्याच.

एम. जी. रोडवर एका जिन्याखाली राजू नावाचा माणूस मोबाइल दुरुस्त करतो. त्यानं मेलेल्या फोनच्या पोटातून एक मोटर काढून माझ्या तळहातावर ठेवली. हरभऱ्याच्या दाण्याएवढी. तिच्या आसाला एकाच बाजूला वजन लावलेलं असतं, त्यामुळे ती सरळ न फिरता धडपडत फिरते आणि ती धडपड आपल्या कातडीला थरथर म्हणून कळते. हे ऐकून मी भारावलो. मग एक रिमोटवाली चिनी बेल आणली. तिचं बटण दाराबाहेर चिकटवायचं आणि वाजायचा डबा घरात कुठेही ठेवायचा. मी तो डबा फोडला, आतला माल साबणाच्या डबीत बसवला, डबी नानांच्या कमरेला बांधली आणि तिच्यातून निघालेल्या तारेच्या टोकाला मोटर जोडली. एकच अडचण झाली. स्पीकर आणि मोटर दोन्ही जोडले की दोन्ही रुसून बसत. म्हणून मी स्पीकर काढून टाकला. आता बेल दाबली की आवाज येत नसे. डबीवरचा लाल ठिपका लुकलुके आणि मोटर थरथरे. म्हणजे कोणी आलं तर ते घरात फक्त बहिऱ्या माणसाला कळणार होतं आणि कान शाबूत असलेले आम्ही दोघं बहिरे झालो होतो. मीनानं ही गोष्ट माझ्या निदर्शनास आणली. मी म्हटलं, पहिल्या आवृत्तीत एवढं चालतं.

मोटर अंगावर नेमकी कुठे लावावी यावर मात्र माझा अभ्यास तोकडा पडला. आधी ती बंडीच्या खिशात ठेवली. दूधवाला आला, नाना छाती धरून मटकन बसले आणि मीनाला म्हणाले, “पोरी, काळजाचं पाखरू झालं.” त्यांना रिक्षात घालून डॉक्टरांकडे नेलं. ईसीजीची पट्टी काढली, ती उत्तम निघाली. डॉक्टरांनी साबणाची डबी हातात घेऊन मला हे काय आहे असं विचारलं आणि उत्तर ऐकल्यावर माझाच रक्तदाब तपासला. मग मोटर कमरेला करदोट्यापाशी लावली, तर नानांना गुदगुल्या व्हायच्या. कोणीही आलं की ते हसत हसत दार उघडत, आणि रजिस्टर पत्रवाल्याचा समज झाला की म्हातारा आपल्याला हसतो. पायाच्या घोट्याशी लावली तेव्हा विंचू चढला म्हणून नानांनी असा पाय आपटला की खालच्या मजल्यावरून माणूस वर आला. त्यानंही बेल दाबली आणि नानांनी पुन्हा पाय आपटला. शेवटी घड्याळाच्या पट्ट्यात बसवून मनगटावर लावली आणि ती मानवली. एकच मोटर, पण छातीला तिची धडधड, कमरेला गुदगुली, घोट्याला विंचू आणि मनगटाला फक्त निरोप. कातडीचा हा स्वभाव मला तोवर माहीत नव्हता.

दरम्यान मी स्वतःवरही प्रयोग केले. संध्याकाळभर पट्टा मनगटावर बांधून बसायचो आणि मीना बाहेरून बटण दाबायची. त्याचा परिणाम असा झाला की पट्टा नसतानाही मला थरथर जाणवायला लागली. कचेरीत एका विधवा बाईंच्या क्लेमची चौकशी चालू असताना मी अचानक उठलो आणि जाऊन दार उघडलं. बाहेर कोणी नव्हतं. हे दोन-तीनदा झाल्यावर साहेबांनी मला दाराजवळचंच टेबल दिलं.

मग सोसायटीचं पत्र आलं. ‘आपण सामाईक जिन्यातून विनापरवाना लहरी सोडत असल्याचे निदर्शनास आले आहे’, खाली खंडेरावांची सही. मी अर्ज केला. अर्जात लहरींची लांबी-रुंदी लिहायला सांगितली होती, मी ‘अंदाजे’ असं लिहिलं. त्यावर मीटिंग बसली. अक्काबाईंना लहरींनी लोणच्याला बुरशी येईल का ते विचारायचं होतं. कुणाला सीरिअलच्या वेळी टीव्हीवर मुंग्या येतील अशी धास्ती होती. शेवटी दुपारी विश्रांतीच्या वेळेत लहरी सोडू नयेत या अटीवर परवानगी मिळाली. लहरी मी नाही, आलेला माणूस सोडतो, हे मी सांगून पाहिलं, पण ठराव झाला होता. आणि त्याच संध्याकाळी खंडेराव चप्पल न घालता माझ्या दारात आले आणि हळूच म्हणाले, “ती बेल कुठून घेतलीत? आमची जुनी झालीय.”

इथे खरा घोटाळा सुरू झाला. खंडेरावांनी त्याच दुकानातून तीच बेल आणली. त्या सगळ्या बेला एकाच लहरीवर चालत. त्यांची बेल दाबली की त्यांच्या घरात पक्षी चिवचिवे आणि नानांचं मनगट थरथरे. आमची बेल दाबली की नानांचं मनगट थरथरे आणि खंडेरावांच्या घरात पक्षी चिवचिवे. मी दुकानदाराकडे गेलो, तर तो म्हणाला, “साहेब, माल एकच आलाय, सगळे खूश आहेत.”

नाना मात्र खरोखर खूश होते. निकमवहिनींचे गुडघे दुखतात, त्या दारापर्यंत पोचेपर्यंत नानांनी आमचं दार उघडलेलं असे. समोरच्या दाराकडे तोंड करून उभा असलेला माणूस बघून ते हाक मारत, “ओ पाव्हणं, हिकडं या.” आणि ती हाक अशी असे की कोणीही वळावं. खंडेरावांचा इलेक्ट्रिशियन आमच्याकडे पाणी प्यायला. त्यांच्या पेन्शनीचं काम घेऊन आलेला गृहस्थ आमच्याकडे चहा पिऊन, खिल्लार बैलाची पारख कशी करावी ते ऐकून, निघून गेला. उलट आमच्या दूधवाल्यानं भल्या पहाटे बेल दाबली की खंडेराव उठून दार उघडत आणि त्यांना मोकळा जिना दिसे. काही दिवसांनी त्यांनी पक्ष्यांकडे लक्ष देणंच सोडलं.

नाना रोज दाढी करू लागले. टोपी धुऊन इस्त्रीला देऊ लागले. यंत्राला ते ‘माझा पट्टा’ म्हणत. एक दिवस मीनानं मला खुणेनं आत बोलावलं आणि कपाट उघडून दाखवलं. पिशवीतली धोतरं परत फळीवर आली होती. तिनं कपाट हळूच लावलं. मला मात्र आपण मोठे शास्त्रज्ञ आहोत असं त्या दिवशी वाटलं आणि मी रात्री दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

एप्रिलात खंडेराव पुन्हा दारात आले, या वेळी चप्पल घालून. “रविवारी आमच्या पल्लवीला बघायला लासलगावचे पाहुणे येताहेत. त्या दिवशी तुमच्या नानांचा तो पट्टा काढून ठेवा. सेक्रेटरी म्हणून नाही, बाप म्हणून सांगतो.” बघणं नुसतं नावाला होतं. पल्लवी आणि तो मुलगा, मनोज, कॉलेजात बरोबर होते आणि त्यांनी एकमेकांना पाहून झालं होतं. पण थोरांची बैठक व्हायची होती, आणि आपल्याकडे माणसांचं जमलेलं बैठकीत मोडू शकतं. मी शब्द दिला. रविवारी सकाळी पट्टा पिठाच्या डब्यामागे लपवला.

नाना उठले, मनगट चाचपलं, गादी उलटी केली, बाथरूममध्ये पाहिलं. मग काही न विचारता खिडकीशी जाऊन बसले आणि थोड्या वेळानं कपाटातली पिशवी काढून तिचा बंद नीट करू लागले. मीनानं ते पाहिलं. तिनं डब्यामागून पट्टा काढला, फुंकर मारून पीठ उडवलं आणि स्वतःच्या हातानं त्यांच्या मनगटावर बांधला. “निकमांना मी बघून घेईन,” ती मला म्हणाली. माझ्या शब्दाचं काय, असं मी विचारणार होतो, पण तिच्या डोळ्यांत पाणी दिसलं.

पाहुणे आले. त्यांनी खंडेरावांची बेल दाबली. पक्षी चिवचिवले, आणि आतले सगळे तयारीत गुंतलेले असल्यानं ‘आहेरांकडचं असेल’ म्हणून कोणी उठलं नाही. नानांचं मनगट थरथरलं आणि त्यांनी दार उघडलं. बाहेर फेटा बांधलेले रावजी, त्यांच्या मंडळी आणि इस्त्रीच्या शर्टात मनोज. आपल्या मुलखातली माणसं बघून नानांचा चेहरा फुलला. “या, या, हिकडं या.” मी आतून बाहेर येईतो तिघंही आमच्या दिवाणावर बसून पाणी पीत होते. मला वाटलं नानांच्या गावचे कोणी असतील. रावजींना वाटलं हे मुलीचे आजोबा. रावजींचा कांद्याचा व्यापार, पण त्यांच्या वडिलांनी बैलजोडी घेतली होती ती नानांच्या दलालीत, हे दोन मिनिटांत निघालं. नानांना रावजींचं बोलणं ऐकू येत नव्हतं आणि त्यानं काही बिघडत नव्हतं, कारण रावजींना नानांचं ऐकायचं होतं.

मनोजनं मला हळूच विचारलं, “पल्लवी कुठंय?” आणि हे निकमांचे पाहुणे आहेत हे मला तेव्हा कळलं.

मी समोर धावलो. खंडेरावांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांचा रंग आधी लाल झाला, मग उतरला. पाहुण्यांना उठवणं बरं दिसत नाही असं निकमवहिनी म्हणाल्या. त्यामुळे पोह्यांचं पातेलं, बशा, पल्लवी, असं सगळं घर जिना ओलांडून आमच्याकडे आलं. निकमांचं दार त्यांनी ओढून घेतलं. बैठक आमच्याच दिवाणखान्यात बसली आणि चांगली रंगली. मुलगी पसंत, मुलगा पसंत. मग रावजींनी मांडी बदलली.

“आमचं मागणं काई नाय,” ते म्हणाले. “फकस्त माणसं मोजू नका. मार्केटातली माणसं, भावकी, गाव. हजारभर तर व्हतीलच.”

“आम्ही कार्यालय बघितलंय,” खंडेराव म्हणाले. “तुमची दोनशे माणसं धरलीत. त्यापुढे पान वाढता येणार नाही.”

“मंग कार्यालय बदला.”

“ते ठरलंय.”

“आमच्यात माणसं गाळत नसत्यात, साहेब.”

पोहे निवत चालले. मनोज छताकडे बघत होता आणि पल्लवी मनोजकडे. निकमवहिनींनी डोळ्याला पदर लावला. नानांनी सगळ्यांची तोंडं बघितली आणि मीनाला काय झालं म्हणून विचारलं. तिनं त्यांच्या डाव्या कानाशी जाऊन सांगितलं, “नाना, वऱ्हाड किती आणायचं त्यावर अडलंय.” हे पहिल्या मजल्यावरच्या अक्काबाईंनाही कळलं.

“येवढंच व्हय?” नाना म्हणाले. “मंग तोंडानं कशाला बोलता? तोंडानं बोललं की माणूस हट्टाला पेटतो.” त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, खंडेरावांकडे पाहिलं. खंडेरावांनी दोन बोटं दाखवली. नानांनी उपरणं आपल्या आणि रावजींच्या हातांवर टाकलं. रावजी सावरून बसले, आणि त्यांच्या डोळ्यांत मला बाजाराचा दिवस दिसला.

बैलबाजारात भाव कधी बोलत नाहीत. उपरण्याखाली हातात हात घेऊन बोटं दाबतात. जितकी बोटं धरली तितके शेकडे, आणि बाजूला उभ्या असलेल्याला काही कळत नाही. पुढे चढवायचं की उतरवायचं ते सगळं बोटांवर. आणि हात थरथरवला की त्याचा अर्थ, सौदा मोडला, मी उठतो. हा शेवटचा भाग मला नानांनी नंतर सांगितला.

“काका, मी बैल आहे का?” पल्लवीनं माझ्या कानात विचारलं. मी म्हटलं, तू नाहीस, सौदा वऱ्हाडाचा आहे. तिनं मनोजकडे ज्या नजरेनं पाहिलं ती मी ओळखतो. मीना माझ्याकडे तशीच बघते.

उपरणं हलत होतं. नानांचा चेहरा कोरा, रावजींचा कोरा. आणि नेमके त्याच वेळी पल्लवीचे मामा सिन्नरहून पेढे घेऊन जिना चढून आले आणि त्यांनी खंडेरावांच्या बंद दाराची बेल दाबली.

समोरच्या रिकाम्या घरात पक्षी चिवचिवले. “तुमची बेल,” खंडेराव मला म्हणाले. “तुमची,” मी म्हणालो. उठलं कोणीच नाही. त्या बेलला एरवी न चुकता उठणारा एकच माणूस होता आणि त्याचा हात गुंतला होता. नानांच्या कमरेवरच्या डबीचा लाल ठिपका लुकलुकला आणि उपरण्याखालून बारीकशी गुणगुण ऐकू आली. रावजी दचकले. त्यांनी नानांच्या तोंडाकडे पाहिलं. तोंडावर काही नव्हतं. रावजींच्या कपाळावर घाम आला आणि उपरण्याखाली त्यांचा हात हलला.

मामा तापट आहेत. त्यांनी पुन्हा बेल दाबली, मग पुन्हा. दर वेळी ठिपका लुकलुके, उपरणं गुणगुणे आणि रावजी खाली येत. ही गुणगुण पट्ट्याची आहे हे माझ्या लक्षात आलं आणि मी तोंड उघडणार एवढ्यात मीनानं मला असा चिमटा काढला की त्याची खूण दोन दिवस होती. तो स्पर्श कोणत्याही मोटरला जमणार नाही. शेवटी मामांनी बोट बटणावरून काढलंच नाही, आणि त्या लांबच लांब थरथरीनंतर रावजींनी उपरणं झटकन बाजूला केलं.

“तीनशे,” ते कपाळ पुसत म्हणाले. “झालं तर मग. पन सांगतो, आजवर म्या असा दलाल बघितला नाय. दर वेळेला उठून चालला व्हता.”

खंडेरावांनी तीनशेला मान डोलावली. मनोजचा श्वास मला ऐकू आला. तेवढ्यात दार धडधड वाजलं आणि मामा आत शिरले, “केव्हापासून बेल दाबतोय मी...” मी त्यांच्या हातात पोह्यांची बशी दिली आणि आग्रह इतका केला की पुढचं वाक्य राहून गेलं. रात्री मी नानांना खाणाखुणा करून विचारलं, की तुमचा पट्टा थरथरत होता, रावजींचा गैरसमज झाला, हे तुम्हाला कळलं होतं का? नाना मिशीत हसले. “पयल्या झटक्यालाच त्याचा हात घामेजला. मंग म्या मनगट त्याच्या तळव्याला टेकवून ठिवलं.” (लग्नात रावजींकडून प्रत्यक्ष माणसं किती आली हे विचारू नका. खंडेराव त्यासाठी मला जबाबदार धरतात.)

त्या बैठकीनंतर खंडेराव माझ्याशी फार चांगले वागू लागले आणि तिथूनच सगळं बिघडलं. त्यांनी आपली चिनी बेल काढून साधी तारेची बसवली. मीही उत्साहात राजूकडे बसून दुसरी आवृत्ती काढली. भिंतीवर आवाजाचा डबा, मनगटावर मोटर, आता दोन्ही एकदम चालत. सोसायटीतले लोक बघून गेले. तळमजल्यावरचे गृहस्थही जिन्यात बोलू लागले. मीनाला सुट्टी लागली होती. बेल वाजली की ती स्वयंपाकघरातून दोन पावलांत दाराशी. ती बाजारात गेली असली तर खंडेराव आमच्या बेलचा आवाज ऐकून आपलं दार उघडत, गॅसवाल्याला थांबवत, पत्र घेऊन सही करत. “नानांना कशाला त्रास,” म्हणत. नानांचं मनगट थरथरायचं, ते उठायचे, टोपी घालायचे, आणि दाराशी येईपर्यंत काम झालेलं असायचं. ते परत जाऊन बसायचे.

आखाजीच्या आदल्या दिवशी मी घरी आलो तर पिशवी दाराशी होती. भरलेली. वर घडी घालून उपरणं.

“आता तुमचं समदं भागतंय,” नाना म्हणाले. “निकम साहेब बी हायेत. मुदत झाली. सकाळची गाडी धरतो.”

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, त्याचंच मला फार वाईट वाटलं. आणि स्वतःच्या हुशारीचा राग आला, जो सहसा येत नाही. मीना आतून कात्री घेऊन आली, स्टुलावर चढली आणि भिंतीवरचा डबा उघडला.

“आवाजाची तार कुठली?”

“निळी,” मी अधिकारवाणीनं म्हणालो. तिनं पिवळी कापली. बरोबर तीच होती.

मग ती समोर गेली आणि खंडेरावांना सांगून आली, आमच्या बेलचा आवाज गेलाय, कोणी आलं तर नाना बघतील, तुम्ही उठू नका. खंडेराव तिच्याकडे बघत राहिले आणि नुसतं “बरं” म्हणाले. त्या प्रकरणावर नोटीस निघाली नाही. परत येताना मीनानं दार ओढून घेतलं आणि बाहेरून बटण दाबलं. घरात काही वाजलं नाही. नाना मनगट बघत उठले, टोपी घातली आणि दार उघडलं, तर दारात लेक.

“नाना,” ती त्यांच्या डाव्या कानाशी ओरडली, “बेल बिघडली. यांनीच बिघडवली. आम्हाला कोणालाच ऐकू येत नाही आता. तुम्ही गेलात तर दार कोण उघडणार?”

नानांनी माझ्याकडे पाहिलं. बाजारात खोड असलेल्या बैलाकडे बघावं तसं, पण मायेनं. “जावयबापूंच्या हाताला यशच नाय,” ते म्हणाले. पिशवी उचलून आत नेली. ती रिकामी केल्याचा आवाज मी उभा राहून ऐकला. माझी अब्रू गेली होती, पण तिचा उपयोग झाला होता.

दुसऱ्या दिवशी आखाजी. मी भर उन्हात आंब्यांची पेटी खांद्यावर घेऊन तीन मजले चढून आलो आणि बेल दाबली. आत मीना पुरण वाटत होती, टीव्ही चालू होता, मला सगळं ऐकू येत होतं. दार कोणी उघडेना. हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. समोर खंडेरावांनी दार किलकिलं केलं, माझ्याकडे बघितलं, “येतील नाना,” असं म्हणून लावून घेतलं. मी घाम पुसत उभा राहिलो. शेवटी आतून चपलांचा सावकाश आवाज आला आणि दार उघडलं. धुतलेली टोपी, ताजी दाढी. नानांनी माझ्या खांद्यावरून जिन्यात पाहिलं, वरच्या पायऱ्यांवर पाहिलं, खाली वाकून पाहिलं.

“तुम्ही व्हय,” ते हिरमुसून म्हणाले. “मला वाटलं, कोणी आलं.”